अप्पांच्या फेरीमागून

आमच्या गल्लीत मोकळी जमीन अशी नव्हतीच. बंगळूरमधल्या चामराजपेटेच्या त्या जुन्या भागात घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडत. उंबऱ्यापुढे एक दगडी पायरी, पायरीपुढे हातभर फरशी, आणि फरशी संपली की डांबर. त्या हातभर फरशीवर घरोघरच्या बायका पहाटे बादलीभर पाणी ओतत, खराट्याने ते गटाराकडे लोटत आणि ओल सुकायच्या आत रांगोळी काढत. अशा गल्लीत कुत्रा आणताना तो कुठे बसणार, हा प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा होता. मला तो पडला नाही.

पांढरा पॉमेरियन होता तो. कारखान्यातल्या माझ्या एका सहकाऱ्याची उत्तरेकडे बदली झाली आणि त्याला कुत्रा बरोबर नेणं शक्य नव्हतं. मी एका संध्याकाळी कुत्र्याला खोक्यात घालून, स्कूटरवर पायांजवळ ठेवून घरी आणलं. वडिलांना आधी विचारलं नाही. बायकोला घरी पोचल्यावर विचारलं. आणि शेजाऱ्यांनाही काही विचारायचं असतं, हे मनातसुद्धा आलं नाही. अप्पा दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहतात, त्यांना कसलीतरी सोबत हवी, एवढा एकच विचार डोक्यात होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यात त्यांनी सारी नोकरी प्राथमिक शाळेत मास्तरकी करण्यात घालवली. आई दीर्घ आजारानंतर गेली, तेव्हा तिथल्या घराला कुलूप लावून मी त्यांना बंगळूरला आणलं. मराठी इथे घराच्या भिंतींपुरतीच होती, हे त्यांना अपेक्षित होतं. परंतु त्यांचं कन्नडही इथे परकं ठरलं. आमच्याकडचं कन्नड प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘री’ जोडून समोरच्याला मान देतं. इथल्या दुकानदारांना त्याची गंमत वाटे. एकदा एका भाजीवाल्याने, कौतुकानेच, त्यांच्याकडून तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं आणि शेजारच्या गाड्यावाल्याला ऐकवलं. अप्पाही हसले. त्यानंतर ते भाजी आणायला गेले नाहीत.

खोकं उघडल्यावर त्यांनी बराच वेळ त्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहिलं.

“हे काय आणलंस?”

“थोडे दिवस राहील, अप्पा. पाहुणाच समजा.”

“पाहुण्याला चहा चालतो काय?” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि बशी जमिनीवर ठेवली. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “ती बशी आता पाहुण्यांचीच.” कुत्र्याला वेगळं नाव कधी ठेवलंच गेलं नाही. अप्पा त्याला शेवटपर्यंत ‘काय पाहुणे’, ‘चला पाहुणे’ अशीच आदराने हाक मारत राहिले.

आणि माझं औषध लागू पडलं. थोड्याच दिवसांत अप्पा पहाटे उठून दाढी करू लागले. शाळेत जाताना घालायचा तो बंद गळ्याचा कोट पेटीतून बाहेर आला, काळी टोपी आली. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात साखळी घेऊन ते उजाडता उजाडता बाहेर पडत, गल्लीच्या टोकाला होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडापर्यंत जात, तिथून देवळाच्या कोपऱ्याला वळसा घालून परत येत. वाटेत त्यांना माणसं भेटू लागली. इकडे आजोबांना ‘ताता’ म्हणतात. ‘नमस्कार री, ताता’ अशी कुणी हाक मारली तर त्यातल्या ‘री’ची आता त्यांना बोच वाटत नसे, तेही उलट नमस्कार करत. घरी आल्यावर कुणाच्या घरी रंगकाम चाललं आहे, कुणाच्या छपरावर नवी केबलची तबकडी बसली, ते ऐकलेलं आम्हाला सांगत. ह्या शहरात त्यांचं स्वतःचं असं काही असेल, तर ती फेरी होती.

आमच्या समोरच्या घरात एक जुनं मराठी कुटुंब राहत असे. त्यांचे पूर्वज कधी इथे आले ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि उरलेल्यात काही शब्द असे, जे मी फक्त माझ्या आजोळी ऐकले होते. त्या घरातल्या बाई वयाने माझ्याएवढ्याच, पण गल्लीच्या रीतीने मी त्यांना अक्का म्हणत असे. एका रविवारी मी स्कूटर पुसत असताना त्या जवळ आल्या.

“अण्णा, स्वल्प एक सांगायचं होतं. राग धरू नका.”

“सांगा ना.”

“तुमचा पाहुणा रोज माझ्याच रांगोळीत बसून जातो. आमचे हे म्हणतात, तू इतकी छान काढतेस, त्याला तरी दुसरीकडे कसं जावंसं वाटेल?” त्या हसल्या; मग हसणं ओसरलं. “पण मला परत सगळं धुवावं लागतं. परवा सासूबाईंचा पाय पडला. त्यांनी पुन्हा अंघोळ केली, थंडीत.”

“आणि अप्पा?”

“ताता वर बघत उभे असतात. साखळी हातात, तोंड आभाळाकडे. त्यांना दिसत नाही की बघायचं नसतं, देवाला ठाऊक. पण त्यांना काही बोलू नका हां. पाहिजे तर मी रांगोळी उशिरा काढते.”

“नको, नको. मी बघतो काय ते.”

“सरी, बरं,” असं म्हणून त्या गेल्या.

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, हे खरं. पण त्याहूनही मोठं कारण असं, की आमच्या गावात कुत्र्यामागून त्याची घाण उचलायची असते ही कल्पनाच कुणाला नव्हती. तिथे कुत्री रानात जात, आणि माती सगळं पोटात घेत असे. इथे माती नव्हती. एवढी साधी गोष्ट त्यांना समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती मी उच्चारली नाहीत. लोक तुमच्या फेरीला नाक मुरडतात असं ऐकल्यावर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, ही भीती मला होती. अक्कांनीही बोलू नका असं सांगितलंच होतं. मला ते फार सोयीचं वाटलं.

मी दुसरा मार्ग काढला. अप्पा बाहेर पडून थोडे पुढे गेले, की मी जुन्या वर्तमानपत्राची पानं, पत्र्याचा एक तुकडा आणि पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागून निघू लागलो. त्यांना लांबचं दिसत नसे. मी झाडाच्या किंवा उभ्या रिक्षाच्या आडोशाने राहिलो की पुरत असे. पाहुणे जिथे बसत तिथे मी वाकून ते पत्र्याने कागदावर घेई, फरशीवर पाणी टाकी आणि पुडी कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या कचराकुंडीत टाकून अप्पांच्या आधी घरी पोचत असे. अप्पा आत येत, तेव्हा मी आरशापुढे गालाला साबण लावून उभा असे.

“तुमचं दाढीचं सामान हल्ली फार वेळ बाहेर असतं,” बायको म्हणाली. ती बेळगावहून टपालाने येणाऱ्या वर्तमानपत्राची पानं माझ्यासाठी वेगळी काढून ठेवी. “अग्रलेखाचं पान नेऊ नका. अप्पांचा तो अजून दोनदा वाचून व्हायचा आहे. शेअरबाजाराचं न्या. नाहीतरी त्यात घाणच आहे असं ते म्हणतात.”

तिने एकदा हेही विचारलं होतं, “त्यांना सांगून का टाकत नाही?” मी म्हणालो, “त्यांना वाईट वाटेल.” ती म्हणाली, “वाटू दे. मोठे आहेत ते.” मी तो विषय बदलला.

मला आता प्रामाणिकपणे मान्य करायला हवं, की त्या पहाटेच्या कामात मला हळूहळू एक प्रकारचं समाधान मिळू लागलं होतं. आई आजारी होती तेव्हा मी इथे नोकरीवर होतो. सणावाराला जाऊन येत असे, पैसे पाठवत असे. राहून गेलेलं काहीतरी मी आता वाकून फेडतो आहे, असं मला वाटे. अक्का पायरीवरून पाहत आणि पदर तोंडाला लावून मान हलवत. देवळातून परतणारा एखादा ओळखीचा माणूस थांबून नमस्कार करी. कुणीही नाक मुरडलं नाही. मी त्यांच्यापैकी एकालाही, हे अप्पांच्या कानावर घालू नका, असं सांगितलं नाही. विसरलो, असं मी पुढे स्वतःला पटवलं. खरं असं, की ते दिसत होतं हे मला आवडत होतं.

संक्रांतीच्या दुपारी अक्का एळ्ळु-बेल्ला घेऊन आल्या. तीळ, गूळ, खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि शेंगदाणे एकत्र करून त्याबरोबर साच्यातली साखरेची चित्रं वाटायची, ही इथली रीत. त्यांनी साखरेचा एक हत्ती अप्पांच्या हातावर ठेवला.

“ताता, तुम्ही पुण्यवान,” त्या म्हणाल्या.

“हत्ती मिळाला म्हणून?”

“चेष्टा नको. असा मुलगा कुणाला मिळतो? तुम्ही फिरायला पुढे जाता आणि हे एवढे मोठे ऑफिसर तुमच्या मागून कुत्र्याचं सगळं काढत येतात. थंडी नाही, आळस नाही. आमच्या सासूबाई आमच्या मुलांना रोज सांगतात, बघा, याला संस्कार म्हणतात.”

मी अक्कांच्या मागे उभा होतो. अप्पांनी हत्तीवर बोट फिरवलं.

“हो की,” ते म्हणाले. “पुण्यवानच.”

मग त्यांनी अक्कांच्या सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली आणि अक्कांना दारापर्यंत पोचवायला ते गेले.

दिवेलागणीला त्यांनी मला हाक मारली. ते खुर्चीत बसले होते, पाहुणे त्यांच्या पायांशी झोपले होते.

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि सगळ्यांना ठाऊक.”

“सगळ्यांना नाही, अप्पा.”

“समोरच्या घरातल्या पोरांना ठाऊक. मला ठाऊक नाही.” ते पुढे म्हणाले, “मी कोट घालून, टोपी घालून नमस्कार घेत चाललोय, आणि मागनं तू. लोक कुणाला नमस्कार करत होते रे?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“वाटलं असतं. मग? दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो असतो.”

मी म्हणालो, “तुम्हाला ते करायला लावणं बरं दिसलं नसतं.”

त्यावर ते जे बोलले ते आवाज न चढवता.

“तुझ्या आईचं शेवटच्या वर्षात सगळं मीच काढत होतो. सगळं. तू बाई ठेवूया म्हणालास, मी नको म्हटलं. तिला दुसऱ्याचा हात नको होता. ते मला जमलं, आणि हे जमणार नाही असं तुला वाटलं?”

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी बाई ठेवायला नकार दिला हे मला आठवत होतं. पण त्यांच्या नकाराचा रोजचा अर्थ काय, कोणत्या हातांनी काय धुतलं जात होतं, हे मी कधी मनाशी नीट पाहिलं नव्हतं. मी त्यांना कोटातला मास्तरच समजत राहिलो. ते म्हणाले, “तो पत्रा कुठे ठेवतोस, तेवढं दाखव.”

दुसऱ्या दिवसापासून अप्पा स्वतः पत्रा, कागद आणि बाटली कापडी पिशवीत घालून नेऊ लागले. काठी भिंतीला टेकवून, साखळी मनगटाला गुंडाळून ते सावकाश खाली बसत आणि काम उरकत. अक्कांना फार संकोच वाटला. त्या धावत पुढे झाल्या तर अप्पांनी हात वर केला. “कुत्रं माझं आहे, बाई,” ते म्हणाले. मी हे खिडकीतून पाहिलं, आणि माझ्या मनावरचं ओझं थोडं कमी झालं.

परंतु फेरी पूर्वीसारखी झाली नाही. अप्पा दहा-वीस पावलं चालत आणि थांबत. वळून मागे पाहत. लांबचं दिसत नसल्यामुळे त्यांना आपल्या मागे कोण आहे ते कळत नसे, म्हणून रस्त्यात जो भेटेल त्याला ते त्यांच्या त्या कन्नडमध्ये विचारत, “हिंद यारर अदारेन्री?” मागे कुणी आहे का हो? सुरुवातीला लोकांना ती थट्टा वाटली. देवळाजवळचा फुलवाला म्हणे, “मागे यम आहे, ताता, पण तो अजून लांब आहे.” अप्पा हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत उभे राहत. कुणी नाही असं सांगितलं तरी थोड्या अंतरावर दुसऱ्याला विचारत. मी घरात असे, दाराच्या आत, आणि त्यांनी माझा शोध घेणं थांबवावं म्हणून काय करावं ते मला सुचत नसे. मी मागे येत नाही असं त्यांना दोनदा सांगून पाहिलं. ते ‘बरं’ म्हणाले.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी त्यांच्याकडून चूक झाली. पाहुणे दोन जागी बसले आणि अप्पांना एकच दिसली. दुसरी अक्कांच्या नुकत्याच काढलेल्या रांगोळीला लागून होती. अप्पा घरी आले, त्यांनी हात स्वच्छ धुतले, पाहुण्यांचे पाय पुसले आणि समाधानाने चहाला बसले. मला खिडकीतून ते फरशीवर पडलेलं दिसत होतं. अक्कांच्या सासूबाईंची देवळात जाण्याची वेळ होत आली होती.

त्या क्षणी मी अप्पांना म्हणायला हवं होतं, ‘अप्पा, एक राहिलं आहे, चला, दाखवतो.’ एवढंच. ते उठले असते, आले असते. मी म्हणालो, “जरा दूध घेऊन येतो,” आणि मोरीतला दुसरा पत्रा सदऱ्याखाली धरून बाहेर पडलो. काम मिनिटभराचं होतं. परत आलो तेव्हा अप्पा कप हातात धरून दाराकडे तोंड करून बसले होते.

“दूध तर सकाळीच आलं की,” ते म्हणाले. “मीच घेतलं पिशवीवाल्याकडनं.”

माझे हात रिकामे होते आणि ओले होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं असावं. त्यांच्या दृष्टीबद्दल मला निश्चित सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जायला निघालो, तेव्हा माझ्या स्कूटरच्या हँडलला साखळी अडकवलेली होती, नीट घडी करून, आणि तिच्याखाली पत्रा-कागदाची ती कापडी पिशवी.

मी त्यांना फार विनवलं. बरोबर जाऊ या, असंही म्हटलं. “पाहुण्यांना लांब फिरायचं असतं,” ते म्हणाले, “तुझ्याबरोबर बरं पडेल त्याला.” कोट पुन्हा पेटीत गेला.

तेव्हापासून पहाटे मी कुत्र्याला घेऊन बाहेर पडू लागलो. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी विचारलं, “ताता का येत नाहीत?” पाण्याची बादली हातात घेऊन त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. त्यांच्या स्तुतीने काय झालं हे त्यांना कळलं तर त्यांना किती लागेल, ते मला दिसलं. मी म्हणालो, “गुडघा दुखतो आहे त्यांचा.”

अप्पांचे गुडघे उत्तम होते.

त्याच संध्याकाळी अक्का एक छोटी बाटली घेऊन आल्या. त्यांच्या माहेरी बनणारं कसलंसं तेल होतं, उग्र वासाचं. त्यांनी ते अप्पांच्या हातात दिलं आणि कोमट करून कसं चोळायचं ते सविस्तर सांगितलं. अप्पांनी बाटली घेतली. क्षणभर माझ्याकडे तोंड वळवलं. मग अक्कांना म्हणाले, “कोणत्या गुडघ्याला जास्त लावू? दोन्हीला लावतो.”

त्यानंतर ते रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून, समोरच्या पायरीवरून दिसेल अशा जागी खुर्ची ओढून बसत. धोतर गुडघ्यावर घेत आणि ते तेल दोन्ही गुडघ्यांना सावकाश चोळत. बाटली संपली तेव्हा अक्कांनी दुसरी आणली, आणि अप्पांनी तीही वापरली. मी बाजूला पाहुण्यांची साखळी सोडत असे, वासाने डोळे चुरचुरत असत, आणि समोरून अक्का विचारत, “आता कसं आहे, ताता?”

“स्वल्प बरं आहे,” अप्पा म्हणत.